हळदीची सोयरीक

सई, गेल्या आठवड्यात तू घेंटमधल्या दुकानातून हळदीच्या बरणीचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आजी, हे आपलंच ताडकळस का?" मी "हो, आपलंच" एवढंच उत्तर दिलं, कारण फोनवर मोठं लिहायला माझी बोटं तयार नसतात. पण त्या बरणीच्या पाठीवर बारीक अक्षरांत आपल्या गावाचं नाव कसं आलं हे सांगायचं, तर मुंजाजीरावांबद्दल सांगावं लागेल, आणि मुंजाजीराव फोनवर मावणारा माणूस नाही. म्हणून सकाळची कामं उरकून, टेबल पुसून, कागद घेऊन बसले आहे. अथर्व, तूही वाच. तुला हळदीत रस नाही हे मला माहीत आहे. पण मुंजाजीरावांनाही क्रिकेटमध्ये रस नव्हता, तरी तू लहानपणी सुटीत आलास की ते तुझ्या शेजारी बसून अख्खा सामना पाहायचे आणि प्रत्येक खेळाडूचं लग्न झालंय का, हे तुला विचारायचे.

लग्न हा त्यांचा विषय. आपल्या भागात मुंज्या म्हणजे लग्नाआधीच गेलेल्या मुलाचं भूत. पिंपळाखाली त्याचं ठाणं असतं आणि नवसाने झालेल्या मुलाला त्याचं नाव ठेवतात. मुंजाजीराव असेच नवसाचे. बिनलग्नाच्या भुताचं नाव मिळालेल्या या माणसाने ताडकळसपासून गंगाखेडपर्यंत किती घरांत लग्नं जुळवली, याची मोजदाद त्यांच्या बायकोनेही, म्हणजे गोदाकाकूंनीही, सोडून दिली होती. हा त्यांचा धंदा नव्हता. बदल्यात ते फक्त चहा घेत, तोही अर्धा कप, आणि उरलेला अर्धा लग्न लागल्यावर प्यायला येईन म्हणत.

तेव्हा आम्ही ताडकळसलाच राहायचो. तुमचे आजोबा आणि ते एका वर्गातले. म्हणून मी त्यांची वहिनी. उंच, सडपातळ, पांढरा पायजमा, पांढरी टोपी आणि बाराही महिने काखेत छत्री. घरात आले की खुर्चीवर बसायच्या आधी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून पाणी मागायचे. ते तहानेसाठी नसायचं. तांब्या कसा येतो, घासलेला असतो का, पाणी आणून देणारा माणूस हसतो का, हे सगळं त्या एका तांब्यात ते पाहून घ्यायचे. आणि विचार करताना हातात अडकित्ता. सुपारी कातरत बसायचे, कटकट कटकट. खायचे मात्र क्वचितच. ते कातरण सगळं गोदाकाकूंच्या डब्यात जायचं. त्या म्हणायच्या, "ह्येंचा अडकित्ता चालू हाय तवर मला घोर न्हाई. थांबला की समजायचं, कायतरी घोळ केलाय."

त्यांचे दोन नियम होते. पहिला, खोट आधी सांगायची. "सोयरीक कामून मोडती वहिनी? लपवल्यानं. पोरगं तिरळं असंल तर तिरळं हाय म्हणून सांगा. पोरगी रागीट असंल तर रागीट. पहिल्या भेटीत सांगितलेली खोट लोक हसून घेतेत. मागून कळलेली खोट कोर्टात जाती." दुसरा नियम, पोरीनेही विचारायचं. सई, मुलगी बघण्याचा तो प्रकार तुला पटणार नाही. मलाही पटत नसे आणि मी त्यांना ते तोंडावर सांगत असे. त्यावर ते म्हणायचे, "मला तरी कुटं पटतंय? पण लोकं सोडंनात. मंग मी काय करतो, पोरीला म्हणतो, तू बी इचार. पगार इचार, तंबाखू खातू का इचार." एकदा पूर्णेला एका मुलीने नवऱ्या मुलाला विचारलं की तुम्हाला पोळ्या लाटता येतात का. मुलाकडचे उठायला लागले. मुंजाजीराव दारात छत्री आडवी धरून उभे. "बसा. सवाल वाजवी हाय. जवाब द्या अन् मंग जा." मुलाने येतात म्हटलं. ते लग्न झालं, आणि खरंच येत होत्या.

आता हळदीकडे येते.

काही वर्षांपूर्वी आपल्या सरकारने आणि तुझ्या घेंटच्या शेजारच्या हॉलंडच्या सरकारने मिळून एक कार्यक्रम काढला. आपले मसाले परदेशी बाजारात दुसऱ्या देशांच्या मालापुढे टिकावेत, हा हेतू. जिल्ह्यातलं एक गाव निवडायचं, तिथे हळद शिजवायची नवी यंत्रणा, एक छोटी तपासणीची खोली, आणि माल तपासात उतरला की तिकडचे खरेदीदार. ताडकळसच्या शेतकऱ्यांनी गट केला आणि अध्यक्ष केलं मुंजाजीरावांना. शेतीतलं त्यांच्यापेक्षा जास्त कळणारे गावात होते. पण भांडणाऱ्या दोन भावांना एका ओळीत जेवायला बसवू शकणारे ते एकटेच होते.

परभणीला पहिली सभा झाली. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून मला दुभाषी म्हणून नेलं होतं. दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्यांनी पडद्यावर आलेख दाखवले. जगात सगळ्यात जास्त हळद आपण पिकवतो, पण परदेशी दुकानात आपली हळद आपल्या नावाने क्वचितच दिसते, वगैरे. स्पर्धात्मकता हा शब्द इतक्या वेळा आला की मागच्या रांगेतले डुलक्या घेऊ लागले. मुंजाजीरावांनी मला हळूच विचारलं, "वहिनी, ह्ये सारखं काय म्हणायलेत?"

मी म्हटलं, "बाजारात इतरांच्या मालापुढे आपला माल कमी पडू नये, असं."

"म्हंजी धा स्थळांत आपली पोरगी उणी ठरू नये. मंग तसं सरळ सांगा की!" आणि ते उभेच राहिले. "साहेब, एक सवाल हाय. पोरगी दिल्यावर तिचं आडनाव बदलतं, ह्ये आमाला मंजूर हाय. पण माहेरचं नाव कुणी पुसून टाकतं का? आमची हळद इथनं जाती, दुसऱ्याच्या पुडीत बसती अन् तिचं गावच ऱ्हात न्हाई. तुमच्या सोयरिकीत आमच्या पोरीला माहेर ऱ्हाणार हाय का?"

अधिकाऱ्यांनी हा मुद्दा चांगला आहे म्हटलं आणि पुढचा आलेख लावला. पण गावात येऊन मुंजाजीराव मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर बोलून गेले, "नावानिशी जाईल. जिम्मा माझा." त्यांनी जुळवलेली एकही सोयरीक तोवर मोडली नव्हती, म्हणून लोकांनी नेहमीच्या व्यापाऱ्याला नकार कळवला आणि माल घरात राखून ठेवला. निवड झाली नाही, तर त्याच व्यापाऱ्याच्या दारात मान खाली घालून जायचं, आणि गट तिथेच संपायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. मुंजाजीरावांना जरा जास्तच.

पाहुणे येणार होते त्याच्या आधी कार्यक्रमाची अट मीच गटाला मराठीत वाचून दाखवली होती. हळद शिजवलेली, वाळवलेली, बस. पॉलिश नाही, रंग नाही, काही नाही. जशी आहे तशी. मुंजाजीराव अडकित्ता चालवत मान हलवत होते.

पाहुणे म्हणजे गाव आणि माल पाहायला हॉलंडहून आलेले दोघं. विम नावाचे उंचच उंच गृहस्थ आणि आनेके नावाच्या बाई, तुमच्या आईच्या वयाच्या. गावात शिरल्यापासून अर्ध्या तासात ते विमराव आणि अनुताई झाले. गोदाकाकूंनी सुशीला केला होता, चुरमुऱ्यांचा, भरपूर शेंगदाणे घालून. अनुताईंनी दोनदा मागून घेतला. मुंजाजीराव माझ्या कानाशी आले. "तांब्या आणून दिला तर उभं ऱ्हाऊन घेतला त्येनी, दोनी हातानं. घराणं चांगलं हाय."

मग अंगणात सतरंजीवर ठेवलेला हळदीचा ढीग उघडला.

पोरांनो, मी ताडकळसला इतकी वर्षं हळद पाहिली, पण अशी कधी पाहिली नव्हती. हळकुंडं नुसती झळकत होती. जणू प्रत्येकाला वेगळी अंघोळ घातली होती. विमरावांनी एक उचलून उन्हात धरलं आणि वा वा केलं. सगळा गट फुलून गेला. अनुताईंनी नमुन्याची पिशवी उघडली, मोहोर लावायचं सामान काढलं.

आणि अडकित्ता थांबला.

मी वळून पाहिलं. गोदाकाकूंनीही पाहिलं. मुंजाजीरावांचा चेहरा अगदी शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "त्येंना सांगा. पोरीला पावडर लावली हाय."

"काय?"

"काल शेजारच्या तालुक्यातनं येताना तिकडच्या गावचा माल बघितला. सोन्यावानी. आन् घरी येऊन आपला बघितला तर मातीवानी. ऱ्हावलं न्हाई. दाखवायचा कार्यक्रम हाय, पोरगी अशी धुळीतनं उठून कशी बसवावी पाटावर? मंग जुन्या पॉलिशच्या ड्रममदी घालून फिरवली. हळदीचंच पाणी, तुरटी, वाईच एरंडेल. आमच्या बापजाद्याचा दस्तूर हाय तो. मीच केलं. दुसऱ्या कुणाला बोल लावू नका."

 कुणीतरी मागून दबक्या आवाजात म्हणालं, "मामा, गप बसा की. त्येंना काय कळतंय?"

"त्येंना कळंल न कळंल. मला कळलंय न्हवं?"

गोदाकाकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "जलमभर लोकाला सांगितलं खोट आधी सांगा. आन् सवताच्या येळंला पावडर!"

मी ते इंग्रजीत सांगितलं. पावडरचं कसं सांगावं हा प्रश्न होता. मी मुलगी बघण्याची पद्धत, पाट, नटवणं, सगळं सविस्तर सांगितलं. वर्गात शिकवताना मला कधी इतकं शांत ऐकणारे विद्यार्थी मिळाले नाहीत. विमरावांचं हसू मावळलं. ते म्हणाले की अट स्पष्ट होती, आणि अट मोडली असं त्यांना लिहावंच लागेल. अनुताईंनी पिशवी मिटवली. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा माझा आवाज जरा खाली गेला असावा, कारण कुणी मान वर केली नाही.

मग अनुताईंनी मला विचारलं, "नटवलेली ही एकटीच आहे, की सगळ्या बहिणी?"

हे भाषांतर होताच मुंजाजीराव ताडकन उठले. "न्हाई न्हाई! बहिणी हायत की मागं कोठीत! तोंडसुदीक धुतलं न्हाई त्येंनी!"

कोठीतला ढीग खरोखर मातीसारखा होता. मळकट, खरबरीत, कुठे कुठे मुळ्या तशाच. मुंजाजीरावांनी एक हळकुंड उचललं, विमरावांच्या हातात दिलं आणि दोन्ही मुठी वळवून मोडण्याची खूण केली. विमरावांनी मोडलं. टक्कन आवाज झाला आणि आतून असा गडद केशरी रंग निघाला की त्या अंधाऱ्या कोठीत सगळ्यांचे चेहरे त्या तुकड्यावर वाकले.

मग मुंजाजीराव आपल्या मूळ पदावर आले. त्यांनी पोरीची एकेक खोट सांगायला सुरुवात केली. ह्या बाजूचा माल नीट शिजला नाही, कढई जुनी आहे. त्या कोपऱ्यातला वाळवताना कुत्री फिरली, तो घेऊ नका. यंदा हळकुंडं बारीक आहेत. गटातले लोक त्यांचा सदरा मागून ओढत होते. अनुताई लिहून घेता घेता थकल्या.

सांगून झाल्यावर त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "आता तुमी. तुमचं उणं सांगा."

विमरावांना वाटलं माझी काही चूक झाली. मी पुन्हा सांगितलं. मुलीकडच्यांनी सांगितलं, आता मुलाकडच्यांनी सांगायचं, असा इथला नियम आहे. मुंजाजीरावांचा, एवढं मी गाळलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अनुताई हळूहळू बोलू लागल्या. त्यांचे खरेदीदार लहरी आहेत, एका खेपेत रंग बदलला तर पुढची खेप घेत नाहीत. तिकडचे नियम दर काही वर्षांनी बदलतात आणि इथे कळायला उशीर होतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हा कार्यक्रम कायमचा नाही. मुदत संपली की ती दोघं निघून जाणार, नवं कुणी येईलच असं नाही.

मुंजाजीरावांनी खिशातून सुपारी काढली. मग अडकित्ता सुरू झाला.

"म्हंजी जावई ऱ्हाणारा न्हाई," ते म्हणाले. "हरकत न्हाई. खरं सांगितलं, तसल्ली झाली. पण मंग एक करा. नुसतं यंत्र देऊन जाऊ नका. यंत्र बिघडलं की आमी पुन्हा तिथंच. आमच्या गावच्या शिकल्याल्या पोरी हायत, त्येंना ती तपासणी शिकवा. हळद चांगली का वाईट ह्ये आमाला आमचं कळलं पाहिजे. तुमी गेल्यावर कोणचा बी पाहुणा आला तरी आमची पोरगी त्येच्या डोळ्याला डोळा लावून बोलली पाहिजे. आन् तिचं माहेरचं नाव."

विमराव म्हणाले की बरणीवर काय छापायचं हे त्यांच्या हातात नाही, पण ते प्रयत्न करतील. "प्रयत्न" या शब्दावर मुंजाजीरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते "बघू" म्हणणाऱ्या वरबापाकडे पाहतात.

त्या दोघांनी मळक्या ढिगातला नमुना घेतला आणि जे घडलं ते सगळं लिहिणार असं सांगून गेले. निर्णय दुसरीकडे होणार होता.

त्यानंतर निर्णय येईपर्यंत मुंजाजीरावांनी कुणाचीही सोयरीक जुळवली नाही. आपलंच स्थळ लटकलेलं असताना दुसऱ्याला काय सांगणार, म्हणायचे. आमच्याकडे यायचे, पाणी मागायचे आणि तांब्याकडे न बघताच पिऊन टाकायचे. एकदा तर छत्री विसरून गेले. गोदाकाकू ती घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सुपारी कातरणं बी सोडलंय. डबा रिकामा पडलाय माझा."

शेवटी अनुताईंचा फोन आला. मला आला, इंग्रजीत. ताडकळस निवडलं होतं. नमुना तपासात उतरला होता, आणि विमरावांनी पावडरचा सगळा किस्सा अहवालात जसाच्या तसा लिहिला होता. वरच्यांनी म्हणे तो पुन्हा पुन्हा वाचला आणि विचारलं की जिथले लोक तपासणीच्या आधी स्वतःच खोट सांगतात, तिथे तपासणीची खोली नाही बांधायची तर कुठे. गावातल्या मुलींना शिकवायचंही मान्य झालं.

मी मुंजाजीरावांना बोलावून सांगितलं.  स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, म्हणाले, "वहिनी, तो ऱ्हायलेला अर्धा कप द्या."

पुढच्या हंगामात पहिला ट्रक निघाला तो दिवस मला विसरता येत नाही. बायका ओटी भरायला आल्या होत्या. गोदाकाकूंनी नारळ आणि तांदूळ घेऊन थेट मोहोरबंद पोत्यांकडे मोर्चा वळवला. मुंजाजीराव ओरडत धावले, "अगं, थांब! एक तांदूळ निघाला पोत्यात तर पोरगी बंदरावरनं माघारी यील!" तपासणी शिकलेल्या मुली पोत्यांपुढे हात पसरून उभ्या राहिल्या. शेवटी ओटी ड्रायव्हरच्या मांडीवर भरली. तो बिचारा नांदेडचा, बावरून बसला होता. ट्रक वळणावर दिसेनासा झाला तेव्हा मुंजाजीरावांनी टोपी काढून डोळे पुसले आणि लगेच कुणाला तरी, रस्त्यावर गुरं कशाला सोडली म्हणून, झापलं.

कार्यक्रमाची मुदत आता संपली. विमराव आणि अनुताई परत गेले. तपासणीची खोली चालू आहे, मुली चालवतात, आणि मधे एका खेपेला दुसऱ्या देशाचा खरेदीदार आला तेव्हा त्यांनीच त्याला प्रश्न विचारले म्हणे. पण माहेरच्या नावाचं काही कळत नव्हतं. माल जात होता, बरण्या कुणी पाहिल्या नव्हत्या. मुंजाजीराव तो विषय काढत नसत. पारावर दिलेला शब्द मात्र त्यांना टोचत असावा, कारण बाहेरगावी मुलं असलेल्या प्रत्येक घरी ते जाऊन विचारत, तिकडं दुकानात जाता का.

म्हणून सई, तुझा फोटो आला तशी मी परवा इथून ताडकळसची बस धरली; गाव सोडल्यापासून जाणं कमीच होतं. मुंजाजीराव आता थकले आहेत. डोळ्यांना नीट दिसत नाही, पण स्टँडवर आले होते, काखेत छत्री. तिथल्याच बाकावर बसून मी फोन त्यांच्यापुढे धरला आणि ती बारीक ओळ वाचून दाखवली. ताडकळस, परभणी.

"पुन्हा वाचा."

मी वाचली.

"कपाळावर हाय का पाठीवर?"

"पाठीवर," मी म्हटलं. "अगदी बारीक."

"असू द्या," ते म्हणाले. "पुसलं तर न्हाई." आणि किती तरी वेळ त्या फोनवरून बोट फिरवत राहिले. फोटो लहान-मोठा होत राहिला, त्यांना ते कळलंही नाही. मग एकदम म्हणाले, "आपल्या सईनं घेतली का ती बरणी, का नुसता फोटू काढला?"

"घेतली असेल."

"असंल न्हाई. इचारा. लग्न लावून दिलं म्हंजी काम झालं असं न्हाई वहिनी, म्हैन्याभरानं जाऊन बघावं लागतं पोरगी नांदतीय का. मला काय आता जाणं होत न्हाई. सईला इचारा, बरणी फडताळात तशीच बसलीय का संपली. संपली असंल तर आवडली सासरी."

माझी बस लागली. मी चढून खिडकीशी बसले. ते गर्दीतून छत्री उंच धरून परत खिडकीखाली आले. बस हलली तरी सोबत चालत होते.

"इचारा बरं का! आन् कमी करून सांगू नको म्हणावं, जे हाय ते सांग!"

तर सई, जे आहे ते सांग. बरणी संपली का?